सेल नवा घातला तरी लाईट गेली की घड्याळ मागे पडतं: एसटीएम३२एफ१०३ च्या आरटीसीची तपासणी

ठिबकाचे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडणारा छोटा कंट्रोलर. आत एसटीएम३२एफ१०३सी८ ची चिप, तिच्यातच वेळ मोजणारं घड्याळ म्हणजे आरटीसी, शेजारी ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल, खाली सीआर२०३२ चा सेल. गेल्या दोन हंगामांत असे बरेच बोर्ड माझ्या टेबलावर आले, आणि प्रत्येकाबरोबर एकच वाक्य आलं: "लाईट गेली की टाइम मागं पडतो." बहुतेकांनी तोवर तीन-तीन सेल बदललेले होते. सेल मीटरवर लावला तर तीन व्होल्टच्या वर, म्हणजे ठणठणीत.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो. सेलला हात लावण्याआधी घड्याळ नेमकं कसं चुकतंय ते विचारा. शून्यावर गेलं? जेवढा वेळ लाईट नव्हती तेवढंच मागे पडलं? वेळ बरोबर पण तारीख चुकली? एकदम अठरा तासांनी उडी मारली? या चारही तक्रारी शेतकरी एकाच शब्दांत सांगतो, पण चौघींची मुळं वेगवेगळ्या रजिस्टरांत, म्हणजे चिपमधल्या आकडे ठेवायच्या कप्प्यांत, आहेत.

जेवढा वेळ लाईट गेली, तेवढंच मागे

हा प्रकार सगळ्यांत फसवा, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

जानेवारीत अंबड तालुक्यातून एका मोसंबीवाल्या काकांचा फोन आला. आंबे बहाराचा ताण नुकताच सोडला होता, पाण्याच्या पाळ्या चालू होत्या. "भाऊ, रातच्या दोनला सुटायचं पाणी सकाळी सहाला सुटायलंय. आन् सहाला थ्री फेज नसती." त्या आठवड्यात त्यांच्या फीडरला रात्रपाळी होती. व्हॉल्व्ह उघडत होते, पण तेव्हा मोटर चालत नव्हती. फुलोऱ्यात अशा पाळ्या चुकल्या की फूल गळतं, म्हणून त्यांची घाई मला कळत होती. मी विचारलं, "काका, आदल्या दिवशी लाईट किती वेळ नव्हती?" ते म्हणाले, "चार तास."

दोनचे सहा, म्हणजे चार तास. घड्याळ पुसलं गेलं नव्हतं, ते चार तास थांबलं होतं आणि लाईट आल्यावर थांबल्या जागेवरून पुढे चालू लागलं होतं. सेल मेला असता तर मोजणी शून्यावर गेली असती. इथे मोजलेले सेकंद सेलनेच जपून ठेवले होते. नवे सेकंद मोजायला ठोका मात्र मिळत नव्हता.

या चिपमध्ये आरटीसीला ठोका देण्याच्या तीन वाटा आहेत. बाहेरचा मंद क्रिस्टल म्हणजे एलएसई, आतला मंद ऑसिलेटर म्हणजे एलएसआय, आणि मुख्य क्रिस्टलला १२८ ने भागून येणारा ठोका. यांतला फक्त एलएसई व्हीबॅटवर, म्हणजे सेलवर चालू राहतो. बाकी दोन मुख्य पुरवठ्यावर आहेत, तो गेला की ते गप्प. कोणती वाट घ्यायची हे आरसीसीच्या, म्हणजे ठोक्यांचा कारभार बघणाऱ्या भागाच्या, बीडीसीआर रजिस्टरमधले ८ आणि ९ क्रमांकाचे बिट ठरवतात. त्यांचं नाव आरटीसीसेल. ०१ म्हणजे एलएसई, १० म्हणजे एलएसआय, ११ म्हणजे मुख्य क्रिस्टल भागिले १२८.

बोर्ड आणवला, एसटी-लिंक हा चिपच्या आत बघायचा डीबगर जोडला, रीसेट न देता बीडीसीआर वाचला. त्याचा पत्ता हेक्समध्ये ४००२१०२०. निरोगी बोर्डावर तिथे दशमानात ३३०२७ दिसायला हवं: आरटीसी चालू, वाट एलएसईची, एलएसई चालू आणि तयार. या बोर्डावर होतं ३३२८३. फरक २५६ चा, म्हणजे ०१ च्या जागी १०. आरटीसी एलएसआयवर होता. शेवटचे दोन्ही बिट मात्र १ होते, म्हणजे क्रिस्टल सुरू होता, स्थिर होता, आणि त्याचा ठोका कुणी घेत नव्हतं.

हे घडलं कसं? फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या प्रोग्राममध्ये, एक शहाणपणाची दिसणारी ओळ होती: क्रिस्टल तीन सेकंदांत तयार झाला नाही तर एलएसआय घ्या आणि पुढे चला. टेबलावर हे कधी दिसलं नसतं. डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, या चिपच्या एलएसईला सुरू व्हायला लागणारा साधारण वेळ २५ अंशांना अडीच सेकंद दिलाय, १० अंशांना चार, आणि शून्य अंशाला सहा. खोलीत तीन सेकंद पुरतात. काकांच्या बागेत बोर्ड बसवला तो जानेवारीतल्या पहाटे, अंगावर घोंगडं घेऊन. तीन सेकंद झाले, क्रिस्टल अजून तयार नव्हता, कोडने एलएसआय निवडला.

आणि खरी अडचण इथून पुढे आहे. आरटीसीसेल एकदा लिहिला की तो बदलता येत नाही. बॅकअप विभाग, म्हणजे चिपचा सेलवर जगणारा भाग, पूर्ण रीसेट केल्याशिवाय ते बिट हलत नाहीत, आणि सेल बसलेला असेल तर तो विभाग लाईट गेल्यानेही रीसेट होत नाही. त्यातून कोड पुढच्या प्रत्येक वेळी बीकेपी_डीआर१ या सेलवर टिकणाऱ्या रजिस्टरमधली आपलीच खूण बघायचा, "घड्याळ आधीच लावलेलं आहे" म्हणायचा आणि निवडीकडे न बघता पुढे जायचा. लोक सेल बदलतात तोही लाईट चालू असताना, वेळ जाऊ नये म्हणून. म्हणजे सेल काढला तरी विभाग मुख्य पुरवठ्यावर जिवंत, आणि चुकीची निवड जशीच्या तशी. पहिल्या पहाटेची ती चूक सेलनेच सांभाळून ठेवली.

एलएसआयची आणखी एक खूण आहे, लाईट न जाताही ओळखता येते. तो नावाला ४० किलोहर्ट्झचा, पण डेटाशीटनुसार ३० ते ६० च्या मध्ये कुठेही असू शकतो. नुसता एक टक्का फरक धरला तरी दिवसाला चौदा मिनिटांवर चूक जाते. घड्याळ रोज काही मिनिटं पुढे-मागे होत असेल तर बीडीसीआर वाचायच्या आधीच संशय एलएसआयवर घ्या.

दुरुस्ती, म्हणजे क्रम

बोर्ड सुरू झाल्यावर आधी एपीबी१ईएनआर मधले बिट २८ आणि २७, म्हणजे पीडब्ल्यूआर (वीज सांभाळणारा भाग) आणि बीकेपी (बॅकअप रजिस्टरं) यांचे ठोके, चालू करायचे. मग पीडब्ल्यूआर_सीआर मधला बिट ८, डीबीपी, एक करायचा. याने फक्त कुलूप उघडतं, आत काही बदलत नाही. हे कुलूप न उघडता केलेलं लिखाण चिप मुकाट्याने टाकून देते, कुठलीही चूक दाखवत नाही. "कोड बरोबर आहे पण वेळ लागतच नाही" म्हणणाऱ्यांचं निम्मं उत्तर या एका बिटात असतं.

आता बीडीसीआर वाचायचा. आरटीसी चालू आहे, वाट एलएसईची आहे, एलएसई तयार आहे आणि डीआर१ मध्ये आपली खूण आहे, या चारही गोष्टी जुळल्या तर कशालाही हात लावायचा नाही. घड्याळ चालू आहे, त्याला चालू द्या. माझ्या मते या साऱ्या कोडमधली सगळ्यांत महत्त्वाची फांदी हीच, आणि बहुतेक तयार उदाहरणांत नेमकी हीच नसते.

चारांपैकी एकही चुकली तर आधी आरटीसीची मोजणी आणि बीकेपीची रजिस्टरं रॅममध्ये उचलून ठेवायची, कारण पुढच्या पावलात ती पुसली जाणार आहेत. मग बीडीआरएसटी, म्हणजे बिट १६, एक करून शून्य. मग एलएसईऑन. आणि मग थांबायचं. मी वीस सेकंदांपर्यंत थांबतो. या काळात बाकीची कामं सिसटिकवर, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या टायमरवर, चालू असतात, व्हॉल्व्ह अडून राहत नाहीत. वीस सेकंदांतही क्रिस्टल उठला नाही तर मी आरटीसीसेल लिहीतच नाही. दिवा लुकलुकतो, कंट्रोलर सिसटिकवर दिवस काढतो, पण एलएसआयला कायमचं घरात घेत नाही.

क्रिस्टल तयार झाला की आरटीसीसेल ०१, आरटीसीईएन एक, आणि मग आरटीसीच्या स्वतःच्या रजिस्टरांचा शिष्टाचार पाळायचा. सीआरएल मधला आरटीऑफ (आधीचं लिखाण संपल्याची खूण) एक होईपर्यंत थांबा, सीएनएफ (लिहिण्याची परवानगी) एक करा, पीआरएल (ठोक्याचा भाजक) मध्ये ३२७६७ आणि सीएनटी (मोजणी) मध्ये सेकंद लिहा, सीएनएफ शून्य करा, पुन्हा आरटीऑफ एक होईपर्यंत थांबा. आतलं खरं लिखाण सीएनएफ शून्य केल्यावर होतं आणि त्याला मंद ठोक्याचे किमान तीन फेरे लागतात, म्हणजे साधारण ९२ मायक्रोसेकंद. मुख्य प्रोसेसरसाठी हा फार मोठा काळ आहे. शेवटचं थांबणं वगळून कुणी लगेच दुसरं लिखाण केलं किंवा चिप झोपवली, तर पहिलं लिखाण गेलं समजा.

सगळं झालं की डीबीपी पुन्हा शून्य. शेजारी कॉन्टॅक्टर खडखडत असताना प्रोग्राम भरकटला तरी घड्याळ त्याच्या हाती लागू नये. मुख्य क्रिस्टल भागिले १२८ ही वाट घेतली असेल तर मात्र डीबीपी १ वरच ठेवावा लागतो, पण सेलवर घड्याळ चालवायचं असेल तर त्या वाटेचा उपयोगच नाही.

क्रिस्टलबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. बाजारात सहज मिळणारा घड्याळाचा क्रिस्टल बहुधा १२.५ पिकोफॅरड लोडचा असतो. एफ१०३ च्या डेटाशीटमध्ये स्पष्ट लिहिलंय की ७ किंवा त्याहून कमी पिकोफॅरडचा घ्या आणि १२.५ चा कधीही वापरू नका. आतला ऑसिलेटर वीज वाचवण्यासाठी मुद्दाम दुबळा ठेवलाय, जड क्रिस्टल त्याला हलवता हलवत नाही. बारा-साडेबाराचा लावलेला बोर्ड मे महिन्यात चालतो आणि डिसेंबरात रुसतो. त्यावर कोडचा उपाय नाही. क्रिस्टल बदला, त्याच्याजवळचे कपॅसिटर त्याला जुळणारे घ्या, आणि पीसी१४, पीसी१५ या क्रिस्टलच्या पायांवरून लांब तार काढू नका.

सरळ शून्यावर

इथे डीआर१ मधली खूण साक्षीदार होते. वेळ शून्य झाली पण खूण शाबूत आहे, म्हणजे विभागाची वीज गेलेली नाही, कोडनेच वेळ पुसली. क्यूबएमएक्स या कंपनीच्या कोड बनवणाऱ्या साधनाने बनवलेल्या सुरुवातीच्या कोडमध्ये आरटीसी सुरू केल्यावर लगेच वेळ आणि तारीख लिहिली जाते. त्याआधी आपली तपासणी टाकायला एक मोकळी जागा ठेवलेली असते, तिच्यात खूण बघून परत फिरायचं. ती जागा रिकामी ठेवली की प्रत्येक रीसेटला घड्याळ नव्याने जन्म घेतं.

खूणही गेली आणि वेळही गेली, तर व्हीबॅटची तपासणी करा. चिपच्या पायावर, सेलच्या पत्र्यावर नाही. सेलच्या खोबणीचा पत्रा सैल असणं आणि सोल्डरचा डाग नीट न लागणं हे मी सगळ्यांत जास्त पाहिलंय. पायावर किमान १.८ व्होल्ट हवेत आणि जवळ १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर हवा. पत्रा ठीक असेल तर कोडमध्ये बीडीआरएसटी शोधा. बूटलोडर (आधी चालणारा छोटा प्रोग्राम) एलएसआय मागतो आणि मुख्य प्रोग्राम एलएसई, असं जोडपं असेल तर हॅल ही चिप कंपनीची तयार लायब्ररी वाट बदलण्यासाठी दरवेळी विभाग रीसेट करते, आणि दोघं मिळून रोज घड्याळ पुसतात.

आणि खूण गेली पण मोजणी चालू आहे, तर टॅम्पर, म्हणजे कुणी छेडछाड केली तर जपलेली माहिती पुसायची सोय. पीसी१३ हा पाय टॅम्परचाही आहे. तो चालू असेल आणि त्यावर मोटरच्या स्टार्टरजवळून गेलेली तार असेल, तर एका धक्क्यात बीकेपीची सगळी रजिस्टरं शून्य होतात. मग आपलाच कोड खूण न सापडल्यामुळे घड्याळ नव्याने लावतो. लागत नसेल तर टॅम्पर बंद ठेवा.

वेळ बरोबर, तारीख १ जानेवारी २०००

एफ१ मालिकेच्या आरटीसीत तारीख नावाची वस्तूच नाही. आहे ती फक्त ३२ बिटांची सेकंदांची मोजणी. हॅल लायब्ररी तारीख रॅममध्ये ठेवते, म्हणून रीसेटनंतर तास-मिनिटं परत येतात आणि तारीख येत नाही. एसटीएम३२ च्याच एफ४ किंवा एल४ मालिकेवरून कोड आणणारे इथे हमखास अडकतात, कारण त्या चिपांत तारखेचं वेगळं रजिस्टर आहे.

उपाय सोपा. हॅलची वेळ-तारखेची फंक्शनं सोडा, सीएनटी मध्ये १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ठेवा, तारीख दरवेळी हिशोबाने काढा. बिनचिन्ही ३२ बिट २१०६ सालापर्यंत पुरतात.

अठरा तास बारा मिनिटांची उडी

मोजणी सोळा-सोळा बिटांच्या दोन रजिस्टरांत विभागलेली आहे, सीएनटीएच आणि सीएनटीएल. खालचा अर्धा ६५५३६ सेकंदांनी, म्हणजे १८ तास १२ मिनिटं १६ सेकंदांनी भरतो आणि वरच्या अर्ध्यात एक मिळवतो. दोन वाचनांच्या मधल्या फटीत तो भरला तर तेवढ्याच वेळाची चूक दिसते, आणि पुढच्या वाचनाला नाहीशी होते. म्हणून वरचा वाचा, खालचा वाचा, वरचा पुन्हा वाचा. दोन्ही वरचे जुळले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून.

रीसेटनंतर किंवा झोपेतून उठल्यावर पहिलंच वाचन शून्य येत असेल तर तो निराळा मामला. तेव्हा बसच्या बाजूची प्रत अजून ताजी झालेली नसते. आरएसएफ (प्रत ताजी झाल्याची खूण) शून्य करा, तो आपोआप एक होईपर्यंत थांबा, मग वाचा.

सेल तीन महिन्यांत संपतो

सीआर२०३२ ची क्षमता साधारण २२० मिलिअँप-तास. आरटीसी चालू ठेवून व्हीबॅटवरून ही चिप दीड मायक्रोअँपच्या आत घेते. कागदावर हे सोळा वर्षांच्या वर जातं. सेल स्वतःच त्याआधी म्हातारा होईल, ते सोडा. आता उलटा हिशोब करा: तीन महिने म्हणजे २१६० तास, २२० ला त्याने भागा, येतात सुमारे १०० मायक्रोअँप. हा आकडा आरटीसीचा असूच शकत नाही.

एका बोर्डावर सेलचा व्होल्टेज मोजण्यासाठी १० किलोओहम आणि २० किलोओहम अशी जोडी थेट सेलवर कायमची बसवलेली होती. तीन व्होल्ट भागिले तीस किलोओहम: बरोबर १०० मायक्रोअँप. सेलची तब्येत बघणारी जोडीच सेल खात होती. ती काढली. सेलचा व्होल्टेज बघायचाच असेल तर मोजण्यापुरतीच जोडणारी छोटी मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) मध्ये घाला. पावसाळ्यात न धुतलेल्या फ्लक्समधूनही गळती होते, म्हणून सेलच्या आसपासची जागा आयसोप्रोपाइलने ब्रशने घासून घ्या.

मोजायचं कसं? लाईट काढा, सेलच्या वाटेत एक किलोओहमचा रेझिस्टर घाला, त्याच्या दोन टोकांतला व्होल्टेज बघा. जेवढे मिलिव्होल्ट तेवढे मायक्रोअँप. दीडच्या आसपास दिसलं तर सगळं ठीक.

चिपमधल्या आरटीसीऐवजी बाहेरचं डीएस३२३१ घड्याळाचं स्वस्त मॉड्यूल वापरणाऱ्यांनी त्यातली चार्जिंगची वाट बघावी. त्यावर डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर असतो, रिचार्ज होणाऱ्या सेलसाठी. तिथे साधा सीआर२०३२ घालून पाच व्होल्ट दिले की न चार्ज होणाऱ्या सेलला सतत चार्ज मिळतो आणि तो फुगतो. रेझिस्टर काढून टाका.

झोपत नाही, किंवा उठल्यावर बरळतो

बॅटरीवर चालणाऱ्या, जमिनीची ओल मोजणाऱ्या नोडांत आरटीसीचा अलार्म चिपला स्टॉप या गाढ झोपेतून उठवतो. अलार्म चिपला हाक देणाऱ्या लाइन १७ वर येतो, तिची चढती कड चालू करावी लागते. स्टॉपमध्ये जाताना अलार्मची खूण एएलआरएफ किंवा लाइन १७ ची प्रलंबित खूण एक राहिली असेल तर चिप झोपेची आज्ञा पाळतच नाही, सरळ पुढची ओळ चालवते. नोड दिसायला नीट काम करतो आणि बॅटरी मात्र दोन दिवसांत बसते. आधी एएलआरएफ पुसा, मग लाइन १७ ची खूण, मग झोप. स्टँडबाय ही त्याहून गाढ झोप वापरत असाल तर डब्ल्यूयूएफ ही उठल्याची खूणही आधी पुसावी लागते.

उठल्यावर ठोका ७२ मेगाहर्ट्झचा राहत नाही, आतल्या ८ मेगाहर्ट्झवर येतो. ठोक्याची मांडणी पुन्हा केली नाही तर सिरियल पोर्टवर कचरा दिसतो. पहिला संदेश स्वच्छ आणि पहिल्या झोपेनंतरचे सगळे गचाळ, असं दिसलं की कारण हेच.

करंट मोजताना डीबगर काढून ठेवा. त्याच्या सोयीसाठी स्टॉपमध्येही ठोके चालू ठेवलेले असू शकतात, आकडा खोटा येतो. आणि बोर्डावर एएमएस१११७ रेग्युलेटर असेल तर तो एकटा पाच मिलिअँपच्या आसपास पितो, दिवसाला १२० मिलिअँप-तास. चिप कितीही गाढ झोपली तरी मग काही उपयोग नाही.

मे महिन्यातले सेकंद

क्रिस्टल २५ अंशांना सगळ्यांत वेगात चालतो, त्याच्या दोन्ही बाजूंना मंदावतो. दर अंशाच्या वर्गाला ०.०३४ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत तेवढा भाग. उन्हात उभी पेटी आतून ६० अंशांवर गेली तर फरक ३५ अंश, चूक ४२ पीपीएम, दिवसभर तसंच तापलं तर साडेतीन सेकंद. रात्री पेटी निवते म्हणून प्रत्यक्षात कमीच. ठिबकासाठी मी याकडे लक्ष देत नाही. हवामानाच्या नोंदी घेत असाल तर बीकेपी_आरटीसीसीआर मधून दुरुस्ती होते, पण ती घड्याळ फक्त मंद करू शकते. म्हणून आधी पीआरएल मध्ये ३२७६७ ऐवजी ३२७६६ किंवा ३२७६५ लिहून घड्याळ मुद्दाम थोडं पुढे पळवायचं, मग जादा वेग कापायचा.

काकांच्या बोर्डावर नवा कोड घालून तो परत पाठवण्याआधी मी एक परीक्षा घेतली, आणि आता प्रत्येक बोर्डाची घेतो. सेल काढून बोर्ड हवाबंद पिशवीत घातला, तारा बाहेर काढल्या, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी दार न उघडता पुरवठा दिला आणि एलएसई तयार व्हायला किती वेळ लागतो ते सिरियलवर बघितलं. पाच सेकंद लागले. जुन्या कोडने तिसऱ्या सेकंदालाच हात टेकले असते. मग सेल घातला, लाईट तासभर काढली, पुन्हा दिली. मोबाइलच्या वेळेशी सेकंदाचाही फरक नव्हता. बीडीसीआर: ३३०२७.